शिवडी ते मनाउस : जुळणीच्या कारखान्याची गोष्ट

वसई रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर थोडा वेळ उभे राहिले, की दिव्याकडून येणारी किंवा तिकडे जाणारी एखादी कंटेनरची मालगाडी दिसतेच. न्हावा-शेवा बंदराला गुजरात आणि उत्तर भारताशी जोडणारा हा मार्ग आहे. गाडीवरचे डबे सगळे बंद, एकाच मापाचे. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. अशा एखाद्या डब्यातून परदेशी मोटारसायकली जात असतील, तर त्या आत कशा ठेवलेल्या असतील? वर्गात हा प्रश्न विचारला, तर बहुतेक मुले सांगतील की गाड्या ओळीने उभ्या करून बांधलेल्या असतील. काही वेळा तसे असतेही. पण अनेकदा डब्यात एकही मोटारसायकल नसते. एका पेटीत चौकटी, दुसरीत चाके, तिसरीत इंजिने, चौथीत दिवे आणि तारा असतात. मोटारसायकल तयार होते ती हजारो किलोमीटर दूर, परदेशातील जुळणीच्या कारखान्यात.

जून २०२४ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटो या कंपनीने ब्राझीलमधील मनाउस शहरात असाच एक कारखाना सुरू केला. भारताबाहेरचा हा तिचा पहिला स्वतःचा कारखाना. जागा ९,६०० चौरस मीटर आणि क्षमता एका पाळीत वर्षाला २०,००० गाड्यांची. वर्तमानपत्रांनी ही बातमी व्यापाराच्या पानावर छापली. पण तिच्यात घनफळ आहे, मापनशास्त्र आहे, रसायनशास्त्र आणि भूगोलही आहे. शिवाय आपल्या मुंबईच्या औद्योगिक इतिहासाचे एक जुने पान तिच्यात उलटे झालेले दिसते. म्हणून ती जरा निवांतपणे पाहू.

हवा पाठवायची की गाडी?

सुरुवात एका सोप्या गणिताने करू. मध्यम आकाराची मोटारसायकल सुमारे २ मीटर लांब, ०.८ मीटर रुंद आणि १.१ मीटर उंच धरली, तर तिला मावणाऱ्या पेटीचे घनफळ १.७६ घनमीटर होते. गाडीचे वजन सुमारे १४० किलोग्रॅम असते. तिच्यात पोलाद, ॲल्युमिनियम, रबर आणि प्लास्टिक असते. या सर्वांची मिळून सरासरी घनता पाण्याच्या साडेचारपट धरू. म्हणजे गाडीतील प्रत्यक्ष पदार्थाचे घनफळ झाले १४० भागिले ४,५००, म्हणजे सुमारे ०.०३१ घनमीटर. पेटीच्या १.७६ घनमीटरपैकी हा दोन टक्क्यांहूनही कमी भाग आहे. उरलेली ९८ टक्के जागा हवेची!

चाळीस फुटी कंटेनरमध्ये आत साधारण ६७ घनमीटर जागा असते. उभ्या गाड्या वरच्या हिशेबाने भरल्या, तर त्यात ३८ मावतील आणि त्यांचे वजन साडेपाच टनांच्या आतच राहील. असा कंटेनर पंचवीस टनांपर्यंत माल पेलू शकतो. म्हणजे जागा संपली, पण वजनाची क्षमता बरीचशी शिल्लक राहिली. आता समजा, गाडी सुटी करून चौकटीत चौकट, चाकावर चाक अशी रचली आणि एका गाडीचा व्याप अर्ध्या घनमीटरवर आणला. मग त्याच कंटेनरमध्ये १३० हून अधिक गाड्यांचे भाग जातील. भाडे मात्र एकाच कंटेनरचे. पूर्णपणे सुट्या केलेल्या अशा गाडीला व्यापारात ‘सीकेडी’ म्हणतात. थोडेफारच भाग काढून ठेवलेल्या गाडीला ‘एसकेडी’ म्हणतात.

भाड्यापेक्षाही मोठे कारण जकातीचे असते. बहुतेक देश तयार गाडीवर जास्त आणि सुट्या भागांवर कमी आयातशुल्क लावतात. हेतू उघड आहे. गाडी आपल्या देशात जोडली गेली, तर तेवढे काम तरी आपल्या लोकांना मिळेल.

कोणताही भाग, कोणत्याही गाडीत

पण गाडी सुटी करून पाठवता येण्यासाठी एक अट आहे, आणि ती वाटते तितकी सोपी नाही. हजार चौकटी आणि हजार इंजिने यांपैकी कोणतेही इंजिन कोणत्याही चौकटीत बसले पाहिजे. ते बसवताना कानस हातात घ्यावी लागता कामा नये. जुन्या काळी कारागीर प्रत्येक भाग शेजारच्या भागाला जुळवून घासत असे. असे यंत्र उत्तम चाले, पण त्याचा भाग दुसऱ्या यंत्रात बसत नसे.

ही अट पूर्ण झाल्याचा एक प्रसिद्ध जाहीर पुरावा १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे मिळाला. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी पूर्णपणे खोलण्यात आल्या. त्यांचे भाग एकत्र मिसळले. त्यांतले सुमारे ९० भाग बाजूला काढून त्यांच्या जागी दुकानातील साठ्यातले भाग घातले. मग साध्या हत्यारांनी तीन मोटारी पुन्हा जोडल्या आणि त्या ५०० मैल चालवून दाखवल्या. या चाचणीबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर करंडक मिळाला.

यामागचे रहस्य ‘अचूक माप’ हे नसून ‘मान्य चूक’ हे आहे. कोणतेही माप तंतोतंत साधता येत नाही. म्हणून किती चूक चालेल ते आधीच ठरवतात. उदाहरणार्थ, २० मिलिमीटरच्या भोकासाठी प्रचलित असलेल्या एका श्रेणीत भोक २०.००० ते २०.०२१ मि.मी. यांच्या दरम्यान असावे लागते आणि त्यात सैलसर फिरणारा दांडा १९.९८० ते १९.९९३ मि.मी. यांच्या दरम्यान. या मर्यादेतील कोणताही दांडा कोणत्याही भोकात बसतो. आपल्या केसाची जाडी साधारण ०.०७ मि.मी. असते, यावरून या मर्यादांची कल्पना येईल.

इथे तापमानही लक्षात घ्यावे लागते. पोलादाचा रेषीय प्रसरणांक प्रति अंश सुमारे ०.००००१२ असतो. २० मि.मी.चा पोलादी दांडा २० अंशांवरून ३५ अंशांवर गेला, तर त्याचा व्यास सुमारे ०.००३६ मि.मी. वाढतो. वाढ छोटी, पण वरच्या मर्यादेच्या मानाने दुर्लक्षिण्याजोगी नाही. भाग मोठा असेल तर ती त्याच प्रमाणात वाढते. म्हणून मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान जगभर मानले जाते. पुण्याजवळ मे महिन्यात कातलेला भाग ॲमेझॉनच्या दमट उष्म्यात बिनतक्रार बसतो, तो या संकेतामुळे.

शिवडीचा धडा

आता इतिहासाकडे वळू. आज आपण सुटे भाग पाठवतो. एके काळी ते आपल्याकडे येत असत.

अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींच्या जुळणीचा कारखाना सुरू केला. जहाजातून आलेल्या पेट्या उघडायच्या, भाग जोडायचे, रंग द्यायचा आणि गाडी बाहेर काढायची, असे त्याचे स्वरूप होते. बंदर जवळ असल्याने जागा सोयीची होती. हजारो हातांना काम मिळाले, आणि मोटार म्हणजे काय ते कामगारांना आतून कळले.

पण जुळणीने एक प्रश्न सुटला नाही. इंजिनाचा ठोकळा कसा ओततात, दंतचक्रे कशी कापतात, त्यांना किती तापवून कसे थंड करतात, हे ज्ञान पेटीतून येत नव्हते. ते मूळ कंपनीकडेच राहिले. स्वातंत्र्यानंतर सरकारने हा प्रश्न हाती घेतला. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार १९५३ मध्ये असे धोरण ठरले, की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने भारतातच भाग तयार करण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी नुसत्या जुळणीचे काम आटोपते घ्यावे. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्ससारख्या ज्या कंपन्यांनी निर्मितीची वाट धरली, त्या टिकल्या.

या निर्णयाची किंमतही देशाने मोजली. गाड्यांचे प्रकार मोजके राहिले आणि ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागले. स्कूटरसाठी नोंदणी करून मुलगा शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत वाट पाहिल्याच्या आठवणी अनेक घरांत सांगितल्या जातात. तरीही त्या सक्तीमुळे ओतकाम, कातकाम, दंतचक्रे आणि मापके यांचे ज्ञान इथे रुजले, हे मान्य करावे लागते.

भांडुप, आकुर्डी आणि मद्रास

दुचाकींच्या बाबतीत हा प्रवास अधिक स्पष्ट दिसतो. मुंबईत १९४९ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने भांडुपच्या कारखान्यात इटलीच्या लँब्रेटा स्कूटरची जुळणी केली आणि हळूहळू तिची निर्मितीही केली. मद्रासमध्ये १९५५ मध्ये एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली. इंग्लंडमधील रेडिच येथून आलेल्या भागांतून तिथे ‘बुलेट’ जोडली जाऊ लागली. काही वर्षांतच तिचे सर्व भाग भारतात तयार होऊ लागले. पुढे रेडिचचा मूळ कारखाना बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालू राहिली. १९७७ मध्ये तर ती इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली.

बजाजची कथाही याच वळणाची आहे. बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने १९४५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी १९४८ पासून आयात केलेल्या दुचाकी आणि तीनचाकी विकत असे. १९५९ मध्ये तिला उत्पादनाचा परवाना मिळाला. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा तयार होऊ लागली. हा करार १९७१ मध्ये संपला. आता इटलीचे नाव वापरता येणार नव्हते. पण तोवर दहा वर्षांचा अनुभव गाठीशी होता. १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. करार संपल्यावर कारखाना बंद न पडता स्वतःच्या नावाने चालू राहतो, ही ज्ञान खरोखर उतरल्याची खूण म्हणता येईल.

दिशा बदलली

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून बजाजच्या तीनचाकी इंडोनेशियाच्या राजधानीत, जाकार्तामध्ये, धावू लागल्या. त्या इतक्या रुळल्या की तिथल्या भाषेत तीनचाकी रिक्षाचे नावच ‘बजाज’ झाले. तिथे त्याचा उच्चार ‘बजाय’ असा करतात. एका मराठी मुलखातील कारखान्याचे नाव परक्या भाषेत सामान्यनाम होऊन बसले!

पण त्याच देशाने वेगळा अनुभवही दिला. २००६ मध्ये कंपनीने तिथे उपकंपनी काढून ‘पल्सर’ मोटारसायकल आणली. तिथल्या ग्राहकाला सवय होती ती पाय पुढे घेऊन बसण्याच्या हलक्या दुचाकीची आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या स्कूटरची. जपानी कंपन्यांची पकड घट्ट होती. पल्सर तिथे मूळ धरू शकली नाही. तिची पुढची आवृत्ती कावासाकीच्या वितरणातून विकली गेली. भाग जुळले तरी बाजार जुळेलच असे नाही.

अन्यत्र कंपनीने वेगळा मार्ग घेतला. कोलंबियात मेदेयीनजवळ औतेको या जुन्या कंपनीने बजाजच्या मोटारसायकली अनेक वर्षे जुळवल्या. म्हणजे भाग आणि रेखाचित्रे इथली. छप्पर, कामगार आणि दुकाने तिथली. इतर भारतीय कंपन्याही या वाटेने गेल्या. हीरो मोटोकॉर्पने कोलंबियात आणि बांगलादेशात कारखाने काढले. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये अर्जेंटिनात आणि २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये जुळणी सुरू केली. एकेकाळी रेडिचहून पेट्या घेणारी कंपनी आता मद्रासहून पेट्या पाठवू लागली.

जंगलातील कारखाना

ब्राझीलमध्ये बजाजने २०२२ च्या अखेरीस ‘डॉमिनार’ मोटारसायकली आणल्या. सुरुवातीला त्या मनाउसमधील दाफ्रा या स्थानिक कंपनीच्या कारखान्यात जोडल्या जात होत्या. २०२४ मध्ये स्वतःचा कारखाना झाला. तिथे इंजिनाची आणि गाडीची जुळणी होते आणि चाचणीचीही सोय आहे.

नकाशात मनाउस शोधायला विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. हे शहर समुद्रापासून नदीमार्गाने सुमारे १,५०० किलोमीटर आत, ॲमेझॉनच्या जंगलात, रिओ नेग्रो नदीच्या काठावर आहे. मोटारसायकलींचे मोठे गिऱ्हाईक मात्र साओ पावलोसारख्या शहरांत, म्हणजे सरळ रेषेत मोजले तरी अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर. बारमाही चांगला रस्ताही मनाउसला दक्षिणेशी जोडत नाही. तयार गाड्या तराफ्यांवरून नदीने बेलेमपर्यंत आणि पुढे ट्रकने जातात. म्हणजे ज्या हवेची बचत करून भाग भारतातून आणले, तीच हवा पुढे हजारो किलोमीटर वाहून न्यायची!

हे कोडे भौतिकशास्त्राने सुटत नाही, कायद्याने सुटते. १९६७ मध्ये ब्राझीलच्या सरकारने या दुर्गम भागात उद्योग यावेत म्हणून मनाउसला करसवलतींचे क्षेत्र केले. होंडाने १९७६ मध्ये तिथे मोटारसायकलींचा कारखाना काढला. आज ब्राझीलमधील जवळजवळ सर्व मोटारसायकली मनाउसमध्येच तयार होतात. सवलतीसाठी एक अट आहे. ठरावीक मूलभूत प्रक्रिया ब्राझीलमध्येच झाल्या पाहिजेत, नुसते चार स्क्रू आवळून भागत नाही. आपल्या १९५३ च्या धोरणाचे हे चुलतभावंडच म्हणायचे.

नदीवर अवलंबून असण्याचा धोकाही अलीकडे दिसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये भीषण दुष्काळामुळे मनाउस येथे रिओ नेग्रोची पातळी, १९०२ पासूनच्या नोंदींत कधी नव्हती इतकी, १२.७० मीटरपर्यंत उतरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो नीचांकही मोडला. २०२३ मध्ये तर मोठी कंटेनर जहाजे शहरापर्यंत पोहोचू शकली नाहीत. कारखाना कोठे उभा राहावा हे कर ठरवतो, पण तो चालावा की नाही यात पावसाचाही वाटा असतो.

तीच गाडी, वेगळे इंधन

भाग तेच आणि मापे तीच असली, तरी परदेशातील गाडी अगदी इथल्यासारखी नसते. ब्राझीलमध्ये पेट्रोलमध्ये उसापासून केलेले इथेनॉल मोठ्या प्रमाणात मिसळतात. अनेक वर्षे हे प्रमाण २७ टक्के होते. ऑगस्ट २०२५ पासून ते ३० टक्के झाले. याने काय फरक पडतो ते अकरावीच्या विद्यार्थ्यालाही काढता येईल. इथेनॉलच्या एका रेणूला पूर्ण जळण्यासाठी ऑक्सिजनचे तीन रेणू लागतात, म्हणजे ४६ ग्रॅम इथेनॉलला ९६ ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे हवा लागली सुमारे ४१४ ग्रॅम, इथेनॉलच्या नऊपट. शुद्ध पेट्रोलला मात्र सुमारे १४.७ पट हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत एक ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून हा फरक. २७ टक्के मिश्रणाला मग सुमारे १३ पट हवा लागते. तेव्हा तेवढ्याच हवेत इंजिनाने अधिक इंधन सोडले पाहिजे. शिवाय काही जातींचे रबर इथेनॉलमध्ये फुगते, म्हणून नळ्या आणि सील बदलावे लागतात.

हे बदल कोण ठरवतो? ज्याच्याकडे इंजिनाची रेखाचित्रे, चाचणीच्या नोंदी आणि ‘असे का?’ या प्रश्नाचे उत्तर आहे, तो. पाना हातात असलेला नव्हे. जुळणी आणि निर्मिती यांतला खरा फरक इथे आहे.

वसईच्या गाळ्यात

आता वसईला परत येऊ. वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत लहान कारखान्यांचे शेकडो गाळे आहेत. कुठे स्प्रिंगा वळतात, कुठे पत्रा कापतात, कुठे रबराचे वायसर आणि प्लास्टिकचे भाग काढतात. तिथले काम पुष्कळदा दुसऱ्याच्या रेखाचित्रावर चालते. रेखाचित्रात ‘२० अधिक ०.०२१’ असे लिहिलेले असते. कामगार मापकाची एक बाजू भोकात घालून पाहतो, ती गेली पाहिजे. मग दुसरी घालून पाहतो, ती जाता कामा नये. एवढे जमले की माल पास. हे काम कमी प्रतीचे मुळीच नाही. कॅडिलॅकच्या चाचणीमागे असेच हजारो हात होते. पण ०.०२१ च का, ०.०५० का नाही, हे ज्याला कळते, तो उद्या रेखाचित्र बदलू शकतो. ज्याला कळत नाही, त्याचे काम यंत्राला किंवा दुसऱ्या देशाला सहज देता येते. शिवडीच्या कामगाराची कुशलता कमी नव्हती. त्याच्या हातात फक्त निर्णय नव्हता.

मनाउसमधला तरुण कामगार आज आपल्या पेट्या उघडतो, तेव्हा तो १९२८ च्या शिवडीत उभा आहे की १९६१ च्या आकुर्डीत, हे त्याचा देश आणि आपल्या कंपन्या मिळून ठरवतील. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र हा निर्णय काही अंशी आपल्या वर्गात होतो. प्रयोगशाळेत आलेला तयार संच पुस्तिका पाहून जोडला, ‘प्रयोग यशस्वी’ असे लिहिले आणि वही बंद केली, तर ती जुळणी झाली. एखादा भाग मुद्दाम चुकीचा देऊन ‘हा का बसत नाही?’ असे विचारले, की निर्मितीचा पहिला धडा सुरू होतो.

त्यासाठी एक स्वस्त प्रयोग सुचवतो. वर्गातील तीस मुलांकडून एकाच बनावटीची बॉलपेने घ्यावीत, सगळी खोलून भाग एका डब्यात मिसळावेत आणि पुन्हा जोडायला सांगावे. बहुधा सर्व लिहू लागतील. मग त्यात दुसऱ्या बनावटीच्या दहा पेनांचे भाग टाकावेत. कोणते टोपण सैल होते, कोणती रिफिल आखूड पडते याची नोंद करावी. जमल्यास व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही बनावटींच्या रिफिलींचे व्यास मोजून तक्ता करावा. शेवटी मुलांनाच विचारावे, की दुसरी बनावट पहिलीत बसवायची असेल, तर कोणते माप बदलाल, किती बदलाल आणि का?